निरोगी मनाचा सत्कार

४ मार्च. वर्षाच्या तूरडाळीला एरंडेल चोळायचं काम सकाळीच काढलं होतं. गिरणीवरून डाळ येऊन बरेच दिवस झाले होते आणि सासूबाई येता-जाता पोत्याकडं बघून नुसतं "हं" म्हणत होत्या. माझे तास अकरापासून असतात, म्हणून उजाडताच गच्चीवर परात घेऊन बसले. दोन्ही हात मनगटाच्या वरपर्यंत तेलानं माखलेले असताना फोन वाजला. करंगळीनं उचलला आणि स्पीकर लावला. प्राचार्य होते.

"मॅडम, अहवाल झाला का? उद्या दहाला समारोप. पाहुण्यांच्या हातात द्यायचाय."

"आज संध्याकाळपर्यंत देते, सर."

"जरा पॉझिटिव्ह लिहा. तुमचा हात कडक आहे, म्हणून आपलं सांगतो."

अहवाल होता आमच्या कॉलेजच्या आरोग्य कार्यक्रमाचा. विद्यार्थी आणि कर्मचारी यांचं तन आणि मन सुदृढ व्हावं म्हणून वर्षभर तो चालला होता. त्याला दिलेलं संस्कृत नाव कुणालाच एका दमात म्हणता येत नव्हतं, त्यामुळं शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे त्याला वेलनेसच म्हणत. त्याचं मूल्यमापन माझ्याकडं आलं, कारण मी अर्थशास्त्र शिकवते. आमच्या स्टाफरूमचा समज असा की अर्थशास्त्र म्हणजे आकडे, आणि आकडे जमणारी बाई कशाचंही मूल्यमापन करू शकते. मीही ते नीट करायला घेतलं. जे झालं ते डोळ्यांनी बघितलं आणि ज्यांच्यासाठी झालं त्यांना विचारलं. जितकं बघत गेले तितकी शिसारी येत गेली.

दर सोमवारी सकाळी मैदानावर योगासनं असत. कार्यक्रमाचे समन्वयक म्हणजे आमचे खेळाचे सर. ते मोबाईल धरून समोर उभे राहत. ज्या फोटोच्या कोपऱ्यात अक्षांश, रेखांश आणि वेळ छापून येत नाही तो फोटो आमच्याकडं पुरावा म्हणून धरत नाहीत, त्यामुळं आसन तो फोटो निघेपर्यंतच टिकायचं. "झाला का?" असं मागच्या रांगेतून कुणीतरी विचारायचं, सर अंगठा वर करायचे, आणि वज्रासनातला सगळा स्टाफ कपडे झटकत उठून भज्यांच्या टेबलाकडं वळायचा. ग्रंथालयातल्या एका बाईंचे गुडघे गेलेले आहेत. त्यांनाही फोटोपुरतं खाली बसवलं जायचं, आणि मग दोघींनी काखेत हात घालून त्यांना उठवायचं. एकदा त्या उठता उठता म्हणाल्या, "या आरोग्यानं माझा जीव घेतलाय गं बाई."

रक्त तपासणीचं शिबिर झालं. दुपारपर्यंत सगळ्यांचे रिपोर्ट नावानिशी सूचना फलकावर. पारदर्शकता म्हणे! आमच्या हेडक्लार्कची साखर वाढलेली निघाली. चार वाजायच्या आत शिपाई विचारायला लागले, "साहेब, बिनसाखरेचा चहा आणू का नुसतं गरम पाणीच आणू?" सगळे हसले. तेही हसले. दुसऱ्या आठवड्यापासून ते डबा घेऊन रेकॉर्डरूममध्ये जायला लागले, दार लावून एकटेच जेवायला लागले. मूल्यमापनासाठी त्यांचं मत विचारलं तर फाईलवरची मान वर न करता म्हणाले, "कार्यक्रम लई चांगला हाय, मॅडम. फकस्त मला त्यातून वगळा."

मुलींचं रक्त किती भरलं तेही त्याच फलकावर लावलेलं होतं. पोरांनी ते पाठ केलं. एकीचं नाव 'पांढरी' पडलं ते अजून पुसलं गेलेलं नाही.

येडशीला रामलिंगाच्या जंगलात स्टाफची आरोग्य पदयात्रा गेली. देवळाच्या दारापर्यंत बसनं गेलो, बॅनर धरून फोटो काढला आणि जेवायला बसलो. पदयात्रा म्हणून कुणी पाय उचलले असतील तर ते एका माकडानं केळांची पिशवी पळवली तेव्हा.

या सगळ्यात एकच गोष्ट चालली होती. ती चालली, कारण तिच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

ग्रंथालयाच्या मागं एक बारकी खोली आहे. तिथं जुने नकाशे आणि मोडक्या खुर्च्या असायच्या. लातूरहून एक समुपदेशक मुलगी आठवड्यातून दोनदा एसटीनं यायची आणि तिथं बसायची. आधी तिला बसवलं होतं ऑफिससमोर, काचेच्या केबिनमध्ये, दारावर मोठ्या अक्षरात 'मानसिक समस्या कक्ष' असं लिहून. पहिले कित्येक दिवस तिथं कुत्रंसुद्धा फिरकलं नाही. त्या दारातून आत जाणं म्हणजे आपण होऊन कपाळावर शिक्का मारून घेणं. मीच मागं लागून तिला नकाशांच्या खोलीत हलवलं. ग्रंथालयातून आत जायचं, ग्रंथालयातूनच बाहेर यायचं, हातात एखादं पुस्तक धरायचं. मग मुलं यायला लागली. एखाददुसराच येई, पण आलेला परत येई.

त्यातली एक मुलगी माझ्या वर्गातली. सास्तूरकडची, बीएच्या दुसऱ्या वर्षाला. एका चाचणीला पेपर हातात पडताच तिला दरदरून घाम सुटला आणि श्वास लागला. मी तिला बाहेर नेलं, तोंडावर पाणी मारलं. थोड्या वेळानं ती बोलली. तिला झोप लागत नव्हती. जेवण जात नव्हतं. छातीवर कुणीतरी बसल्यासारखं व्हायचं, आणि हे आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा पुन्हा.

"घरी सांगितलंस?"

"न्हाय मॅडम. घरी कळलं तर कॉलेज बंद. आन ताईचं पण मोडंल."

तिच्या थोरल्या बहिणीची सोयरीक जळकोटला ठरत होती. एका बहिणीच्या डोक्यात काहीतरी आहे हे कळलं तर दुसरीला कोण करणार, हा हिशेब तिकडच्या कुठल्याही घरात सांगावा लागत नाही. त्यातून नवऱ्या मुलाचा धाकटा भाऊ आमच्याच कॉलेजात होता.

मी तिला नकाशांच्या खोलीपर्यंत सोडलं आणि सांगितलं, "तुझं नाव या दाराबाहेर जाणार नाही. हा माझा शब्द." आमचं असंही ठरलं की बाहेर भेट झाली तर तिनं मला ओळखायचं नाही आणि मी तिला. ती सहा महिने नेमानं येत राहिली. पुढची परीक्षा तिनं बसून पूर्ण दिली. वर्गात मागच्या बाकावरून दुसऱ्या बाकावर आली. माझ्या मूल्यमापनात लिहिण्यासारखं एवढंच होतं, आणि तेही नावाशिवाय.

त्या दिवशी अकराला कॉलेजात पोचले तर समन्वयक सर पायऱ्यांवरच भेटले. लग्नघरच्या माणसासारखे खुशीत होते.

"मॅडम, बघा तरी. आज संध्याकाळी गेटवर चढतोय." त्यांनी मोबाईल माझ्यापुढं धरला.

फ्लेक्सचं डिझाईन होतं. वरच्या बाजूला संस्थेचे पदाधिकारी, उद्याचे पाहुणे आणि प्राचार्य, सगळे हात जोडून. कोपऱ्यात थोडे लहान समन्वयक. मधे लाल अक्षरात: 'स्वतःच्या मनावर विजय मिळवणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांचे हार्दिक अभिनंदन.' आणि खाली गोल चौकटीत पाच चेहरे, नाव, वर्ग आणि गावासकट. दुसरी ती होती. मान खाली, ओढणीचं टोक डोळ्याला लावलेलं. मागं भारताचा जुना नकाशा. फोटोच्या कोपऱ्यात अक्षांश, रेखांश आणि वेळ तशीच.

"हे फोटो कुठून आले?"

"समुपदेशक मॅडमनं दिले. पुरावा नको का सेशन झाल्याचा?"

समुपदेशक मुलीला मी तिथूनच फोन लावला. ती रडकुंडीला आली. "मॅडम, फोटो नाही दिला तर सेशन धरणार नाही म्हणाले. फाईलमध्येच राहील म्हणाले. मी मुलांनाही तेच सांगितलं." तिची पहिलीच नोकरी. तिच्यावर ओरडून उपयोग नव्हता. मी तशीच प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेले. समन्वयक माझ्या मागोमाग आले.

"सर, हा फ्लेक्स लावायचा नाही."

"का? पाहुण्यांचं पद चुकलंय का?"

"या मुलांनी कुणाला न सांगता मदत घेतलीय. घरी माहीत नाही."

"मग आता कळेल की. अभिमान वाटेल त्यांना. आपण काय चोर म्हणून लावतोय का? सत्कार करतोय, मॅडम. सत्कारानं कुणाचं वाईट झालंय आजवर?"

आमच्याकडं हे खरंच असं आहे. दहावी पास झाला, सत्कार. बदली झाली, सत्कार. बदली रद्द झाली, पुन्हा सत्कार. शाल, नारळ आणि टॉवेल-टोपी यांच्यापुढं माणसाला नको म्हणता येतं ही कल्पनाच कुणाच्या डोक्यात शिरत नाही.

समन्वयक म्हणाले, "मी तर म्हणतो, आईवडलांला पण बोलवू. जोडीनं सत्कार करू. फेटा बांधू."

मी त्यांच्याकडं वळले. "सर, गेल्या वर्षी तुमच्या मूळव्याधीचं ऑपरेशन झालं ना?"

"व्हय. का?"

"बरी झाली ना आता?"

"झाली की."

"मग तुमचाही फ्लेक्स लावू. मूळव्याधीवर विजय मिळवणारे आमचे लाडके सर. पाहुण्यांच्या हातून नारळ देऊ. फोटो मात्र ऑपरेशनच्या टेबलावरचा लागेल, अक्षांश-रेखांशासकट."

प्राचार्य आधी खो-खो हसले. मग समन्वयकांचा चेहरा बघून थांबले. "मॅडम, ते वेगळं आहे."

"कसं वेगळं?"

"ते शरीराचं आहे."

"आणि हे?"

ते पेपरवेट फिरवत बसले. शेवटी म्हणाले, "बरं. तुम्ही एवढं म्हणताय तर बघतो. थांबवतो मी." मी त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं आणि तासाला गेले.

संध्याकाळी घरी येऊन उन्हातली डाळ गोळा करत होते. सासूबाई सुपात घेऊन पाखडत होत्या. स्टाफच्या ग्रुपवर फोटो आला. गेटच्या दोन खांबांच्या मधोमध, वर लाकडी चौकटीवर ठोकलेला फ्लेक्स. खाली समन्वयकांचा मजकूर: 'उद्याची तयारी पूर्ण.' त्याच्याखाली सात-आठ जणांनी हात जोडलेले आणि फुलं टाकलेली. एका प्राध्यापकानं लिहिलं होतं: 'कौतुकास्पद उपक्रम.' त्यानं वाचलंसुद्धा नसणार.

समन्वयकांना फोन लावला.

"आवो मॅडम, ऑर्डर कालच गेल्ती. छापलेला फ्लेक्स परत घेतो का कुणी? आन सरांचा काय मला फोन आला न्हाय."

"आधी ग्रुपवरचा फोटो काढा."

"आपल्या स्टाफचाच ग्रुप हाय की."

"काढा म्हणते ना."

काढला. "तुमच्यासाठी म्हणून काढला," असंही म्हणाले. गेटवरचा काढायला मात्र तयार होईनात. चढवणारी माणसं गेली, अंधार पडायला आला, आणि लावलेला फ्लेक्स कार्यक्रमाआधी उतरवणं बरं दिसत नाही. प्राचार्यांनी दोनदा फोन कापला. तिसऱ्यांदा उचलला तेव्हा ते कुठल्याशा हळदीत होते. मागं डीजे वाजत होता. "उद्या बघू!" एवढं ओरडले आणि फोन बंद.

मी मोबाईल बाजूला ठेवला. ज्याचा राग येतो त्या माणसाशी भांडता तरी येतं. इथं कुणालाच कुणाचं वाईट करायचं नव्हतं. सगळे खुश होते. एका रडणाऱ्या पोरीचा चेहरा दारावर टांगून खुश होते.

तेवढ्यात तिचाच फोन आला.

"मॅडम, उद्या माझा कसला तरी सत्कार हाय म्हणून सरांचा मेसेज आलाय. पांढरा ड्रेस घालून या म्हणलेत. कशाचा सत्कार, मॅडम?"

तिला फ्लेक्सचं माहीत नव्हतं. मी सांगितलं. खोटं बोलून उपयोग नव्हता, सकाळी तिची एसटी गेटसमोरच थांबते. त्याच गाडीनं तिच्या गावची आणि वाटेवरच्या गावांची निम्मी पोरं येतात.

"गुरुवारी सुपारी फुटायचीय ताईची," मग ती म्हणाली. "आन त्यांचा भाऊ पण येतो कॉलेजला. मॅडम, तुमी म्हणला होता..."

"म्हणले होते. रोजच्या गाडीनं ये. रोजचाच ड्रेस घालून ये. सत्काराला हॉलमध्ये जायचं नाही, ग्रंथालयात जाऊन बसायचं."

"पर फ्लेक्स?"

"फ्लेक्सचं मी बघते."

सासूबाईंनी सूप खाली ठेवलं. त्यांना कमी ऐकू येतं असं त्या म्हणतात, पण हवं ते सगळं त्यांना ऐकू येतं.

"काय गं, त्या लेकरांचे फोटो कशाला लावलेत?"

"त्यांचं मन बरं झालं म्हणून."

त्यांनी थोडा विचार केला. "आमच्या येळला असं कुणाला झालं की म्हणायचे अंगात यायलंय. निदान हळदीकुंकू तरी लावायचे, पाया तरी पडायचे. आता फोटो लावतेत व्हय?"

"लावतेत."

"किती मोठा हाय?"

"गेटाएवढा."

"मग डाळीला हुईल की," त्या म्हणाल्या आणि पुन्हा पाखडायला लागल्या.

मी अहवाल लिहायला बसले. आधी लिहून ठेवलेली चांगली चांगली वाक्यं खोडून टाकली. लिहिलं की रिपोर्ट फलकावर लावल्यामुळं कर्मचारी पुढच्या तपासणीला येणार नाहीत. लिहिलं की योगासनं कॅमेऱ्यासाठी होतात आणि ती तशी होत असतील तर बंद केलेली बरी. शेवटी लिहिलं की कार्यक्रमातली एकच गोष्ट उपयोगी पडली, ती म्हणजे ग्रंथालयामागची खोली. तिथं आपण काय करतो हे कुणी बघत नाही असं मुलांना वाटत होतं, म्हणून ती उपयोगी पडली. आपण ते बघितलं, फोटो काढला आणि गेटवर टांगला. ती खोली यापुढं चालेल याची खात्री मी देऊ शकत नाही. खाली सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा न घेताच निघाले. स्कुटीच्या डिकीत पक्कड, कातर आणि भाजी चिरायची सुरी टाकली. गेटवर पोचले तेव्हा पूर्वेला नुसतं तांबडं फुटलं होतं. वॉचमन तोंडात मिसरी धरून बसला होता. मला बघून गडबडीनं थुंकला.

"मॅडम, इतक्या लवकर? कार्यक्रम धाला हाय ना?"

"खुर्ची द्या तुमची."

त्यानं प्लास्टिकची खुर्ची दिली. मी पक्कड काढलेली बघून म्हणाला, "सरांनं सांगितलंय का?"

"नाही."

"मंग मला कुणी इच्यारलं तर?"

"मॅडमनं नेला म्हणून सांगायचं. खोटं बोलायची गरज नाही."

तो क्षणभर उभा राहिला. मग खुर्चीचे मागचे पाय दोन्ही हातांनी धरले. "हलतीय ती. पडचाल."

खालचे खिळे पक्कडीनं उपटले. वर हात पोचेना, तिथं सुरीनं चिरत नेला. फ्लेक्स अंगावर आला तो पाहुण्यांच्या बाजूनं. त्याला नव्या छपाईचा जो वास असतो, तो थेट नाकात गेला. गुंडाळून स्कुटीला पुढं आडवा बांधत होते तेवढ्यात सकाळच्या तासांच्या पोरांची एसटी आली. घोळका उतरला, मोबाईलमध्ये माना घालून. ती मधेच होती. तिनं वर बघितलं. खांबांच्या मधे नुसती लाकडी चौकट होती आणि तिच्यातून आभाळ दिसत होतं. मग माझ्या अगदी जवळून ती गेली. माझ्याकडं बघितलं नाही. मीही दोरीची गाठ मारत राहिले. ती सरळ ग्रंथालयाकडं वळली. कुणी तिच्याकडं वळून बघितलं नाही. काल संध्याकाळपासून तो फ्लेक्स कुणाकुणाच्या मोबाईलमध्ये गेला असेल ते मला माहीत नाही, आणि त्याला माझ्याकडं पक्कडही नाही.

घरी आले. गच्चीवर फ्लेक्स अंथरून आधी खालचे पाच गोल कातरले आणि बसल्या जागी त्यांचे नखाएवढे तुकडे केले. सासूबाई म्हणाल्या, बंबात घालू नको, पाण्याला वास येईल. म्हणून शेणखताच्या खड्ड्यात टाकले. फोन दोनदा वाजला. समन्वयक होते. तिसऱ्यांदा उचलला.

"मॅडम, फ्लेक्स चोरीला गेलाय!"

"चोरीला नाही. माझ्याकडं आहे. दहाला अहवाल घेऊन येते, तेव्हा बोलू."

उरलेला भाग चांगला लांबरुंद होता. सगळे मान्यवर हात जोडून आभाळाकडं बघत होते. मी डाळीची परात उचलली, तशा सासूबाई म्हणाल्या, "थांब. तोंडं खाली घाल. डाळीला रंग लागंल."

आम्ही दोघींनी दोन्हीकडं धरून फ्लेक्स उलटा केला, चार कोपऱ्यांवर विटा ठेवल्या आणि पांढऱ्या बाजूवर डाळ पसरली. मग मी हात धुऊन कॉलेजला निघाले.